गाईच्या आयव्हीएफमध्ये क्लीवेज चांगलं, पण ब्लास्टोसिस्ट कमी: कल्चरमध्ये नेमकं काय तपासावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गीर आणि साहिवाल डोनर गाईंचं ओपीयू (सुईने अंडाशयातून ऊसाइट म्हणजे अंडी काढणं) करून आयव्हीएफ (प्रयोगशाळेतलं फलन) करणारी आमची लहान लॅब पुण्याजवळ आहे. क्लीवेज (फलित अंड्याचं पहिलं विभाजन) बरं येतं, पण त्यानंतर एम्ब्रियो (भ्रूण) गळतात. सध्याची पद्धत लिहितो.

ओपीयू हार्मोन न देता. ऊसाइट गोठ्यावरच शोधून, ग्रेड लावून, मॅच्युरेशनच्या (अंडं पक्व करण्याच्या) मीडियाच्या व्हायलमध्ये पोर्टेबल इनक्युबेटरमधून आणतो, प्रवास दोन तासांचा. मॅच्युरेशन टीसीएम-१९९ मीडियात १०% सिरम आणि एफएसएच हार्मोन घालून २२ ते २४ तास. फर्टिलायझेशन टाल्प मीडियात, हेपॅरिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, स्पर्म २० लाख प्रति मिली, १८ ते २० तास. रेतमात्रा बहुतेक सेक्स्ड (लिंगनिवड केलेल्या). मग क्युम्युलस (अंड्याभोवतीच्या पेशी) काढून, तयार मिळणाऱ्या एसओएफ (मेंढीच्या बीजवाहिनीतल्या द्रवावर बेतलेल्या) प्रकारच्या मीडियात, ऑइलखाली ५० मायक्रोलिटरचे ड्रॉप. एका डोनरचे सगळे एकाच ड्रॉपमध्ये, त्यामुळे कुठे चार असतात तर कुठे अठरा. इनक्युबेटर ३८.५ अंशांवर, ५% सीओटू, बाकी साधी हवा. पाचव्या दिवशी अर्धा मीडिया बदलतो.

४८ तासांना क्लीवेज ७० ते ७५ टक्के. सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी धरलेले भ्रूण) १२ ते १५ टक्के, तेही गडद रंगाचे. व्हिट्रिफाय करून (झटपट गोठवून) वॉर्म केल्यावर त्यातले बरेच पुन्हा फुगत नाहीत.

मीडिया दुसऱ्या कंपनीचा घ्यावा का? सिरम घालावं का? की आधी ट्रायगॅस (ऑक्सिजनही कमी ठेवता येणारा) इनक्युबेटर घ्यावा? पैसे एकाच गोष्टीसाठी आहेत, म्हणून विचारतोय.

---

पेट्रीडिश

डॉक्टर, मीडियाला इतक्यात हात लावू नका. संशयितांच्या यादीत तो शेवटचा. एम्ब्रियो नेमके कुठे थांबतात हे आधी बघा, म्हणजे निम्मं निदान तिथेच होतं.

४८ तासांना नुसतं "क्लीवेज ७२%" असं लिहू नका. दोन पेशी किती, चार किती, आठ किती, असं वेगवेगळं लिहा. त्या वेळेला बहुतेक एम्ब्रियो चार ते आठ पेशींचे हवेत. दोन पेशींवर रेंगाळलेले जास्त दिसले तर तापमान किंवा ऊसाइटची प्रत, इकडे बघायचं. गाईत एम्ब्रियोचा स्वतःचा जीनोम ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर पूर्ण ताकदीने चालू होतो. तोपर्यंत तो आईच्या अंड्यात साठवलेल्या शिदोरीवर जगतो. म्हणून क्लीवेजवरून कल्चरबद्दल जवळपास काहीच कळत नाही. वाईट कल्चरमध्येही क्लीवेज ७५ टक्के येतं आणि खरा हिशेब तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो.

८-१६ पेशींवर गठ्ठ्याने थांबत असतील तर ऑक्सिजन, ऑइल, हवेतली रसायनं, तापमानातले चढउतार किंवा मुळातच कच्चं राहिलेलं अंडं. मॉरुला (ब्लास्टोसिस्टच्या आधीचा पेशींचा गोळा) नीट होतात पण पोकळी धरत नाहीत, असं असेल तर पीएच, ऑस्मोलॅलिटी (द्रावणाचा दाटपणा) आणि अमोनिया बघा. पोकळी भरते ती बाहेरच्या थरातल्या पेशी सोडियम आत ढकलतात आणि त्याच्या मागोमाग पाणी येतं म्हणून. त्यामुळे बाहेरचं द्रावण दाट झालं की हे काम अडतं.

सीमेन-फर्टिलायझेशनचा दोष आणि कल्चरचा दोष वेगळा करायला पार्थेनोजेनेसिससारखी (स्पर्मशिवाय, रसायनांनी अंडं विभाजायला लावणं) चाचणी नाही. मॅच्युरेशन झालेल्या ऊसाइटचं क्युम्युलस काढायचं, आयोनोमायसिन ५ मायक्रोमोलरमध्ये ५ मिनिटं, धुऊन ६-डीएमएपी २ मिलीमोलरमध्ये साडेतीन ते चार तास, पुन्हा चांगलं धुऊन तुमच्या नेहमीच्या कल्चरमध्ये. यात स्पर्मचा संबंधच येत नाही. पार्थेनोट नीट ब्लास्टोसिस्ट होत असतील आणि आयव्हीएफचे होत नसतील, तर कल्चर निर्दोष आहे, सीमेन आणि फर्टिलायझेशनकडे वळा. दोन्ही सारखेच मरत असतील तर कल्चर किंवा मॅच्युरेशन.

आपल्याकडची अडचण अशी की गोहत्याबंदीमुळे राज्यात गाईच्या ओव्हरी चाचणीला मिळत नाहीत आणि डोनरची ऊसाइट चाचणीत घालवणं परवडत नाही. देवनारसारख्या कत्तलखान्यातून म्हशीच्या ओव्हरी मिळू शकतात आणि उपकरणं, ऑइल, डिश यांची चाचणी त्यांच्यावर बिनदिक्कत करता येते. फक्त म्हशीचा एम्ब्रियो मुळातच चरबीने गडद असतो आणि गाईपेक्षा १२ ते २४ तास आधी ब्लास्टोसिस्ट होतो. म्हणून म्हशीचे आकडे म्हशीच्याच जुन्या आकड्यांशी ताडायचे, गाईच्या वहीत लिहायचे नाहीत.

आणखी एक. ब्लास्टोसिस्टचा टक्का कशावर काढता? कल्चरमध्ये टाकलेल्या एकूण झायगोटवर (फर्टिलायझेशननंतरच्या अंड्यांवर) काढा. कुणी क्लीव्ह झालेल्यांवर काढतो, कुणी ग्रेड एक-दोनच्या ऊसाइटवर. मग १५ आणि ३५ यांची तुलना होते आणि लोक उगाच मीडिया बदलतात.

---

भ्रूणतंत्र

वरच्या मुद्द्यांशी सहमत. मी फक्त तापमान, गॅस आणि हवा याबद्दल लिहितो, कारण लहान लॅबमध्ये बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

तापमान: इनक्युबेटरच्या डिस्प्लेवरचा आकडा हवेचा किंवा भिंतीचा असतो. बारीक तारेचा थर्मोकपल घ्या, ऑइलखालच्या ड्रॉपमध्ये त्याचं टोक बुडवा, दार लावून अर्धा तास थांबा आणि मग वाचा. प्रत्येक शेल्फवर, पुढे आणि मागे. तेच वॉर्म स्टेजवर (मायक्रोस्कोपखालच्या गरम पाटीवर) करा. स्टेज ३८.५ वर ठेवली म्हणजे ड्रॉप ३८.५ ला असतो असं नाही. डिशच्या तळाखाली हवेची पोकळी असते, शिवाय एसीचा झोत वरून येतो. स्टेजला मधोमध काच असेल तर ती जागा कडेपेक्षा थंड असते आणि एम्ब्रियो नेमके तिथेच असतात. ड्रॉपमध्ये ३८.५ मिळेल तेवढा स्टेजचा आकडा वाढवा आणि तो स्टेजवर चिकटवून ठेवा.

सीओटू: ५% हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. मीडियाचा पीएच टक्क्यावर ठरत नाही, सीओटूच्या आंशिक दाबावर ठरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०, त्यातून ३८.५ अंशांना पाण्याच्या वाफेचे साधारण ५१ वजा केले की उरलेल्याचे ५% म्हणजे ३५.५ मिलीमीटर पारा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब ७१० च्या आसपास. तेच गणित केलं तर ३३ येतात. म्हणजे मुंबईतल्या लॅबइतका दाब मिळवायला पुण्यात ५.४% ठेवावे लागतात. पीएचमधला फरक ०.०३ एवढाच. एकटा असता तर फार बिघडवणार नाही, पण सेन्सर अर्धा टक्का जास्त दाखवत असेल तर दोन्ही एकाच दिशेला जमा होतात.

म्हणून सेन्सरवर विसंबू नका. हातात धरायच्या डिजिटल गॅस ॲनालायझरने नमुना छिद्रातून आठवड्याला एकदा वाचा. थर्मल कंडक्टिव्हिटी सेन्सर असेल तर आर्द्रता बदलली की त्याचं वाचन हलतं. दार उघडल्यावर किंवा ट्रेमधलं पाणी आटल्यावर तो खोटं दाखवतो. इन्फ्रारेड सेन्सर यात बरा. शेवटचा निवाडा मात्र पीएचचाच. मीडिया रात्रभर इक्विलिब्रेट करा, इनक्युबेटरमध्येच सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा न घेता ओढा, टोपण लावा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या ब्लड गॅस मशीनवर लगेच वाचून घ्या. ७.२ ते ७.४ च्या मध्ये कुठेतरी हवा. साध्या पीएच मीटरवर उघड्या कपात मोजलं तर मिनिटभरात सीओटू उडतो आणि आकडा फुगतो.

ऑक्सिजन: तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकाच गोष्टीसाठी पैसे असतील तर ते ५% ऑक्सिजनवर घाला. बीजवाहिनीत आणि गर्भाशयात ऑक्सिजन हवेपेक्षा कितीतरी कमी असतो. २०% मध्ये, सोबत आधार द्यायला दुसऱ्या पेशी नसताना, एम्ब्रियोत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि त्याचा फटका ब्लास्टोसिस्टच्या संख्येला आणि पेशींच्या संख्येला, दोन्हीला बसतो. मोठा ट्रायगॅस इनक्युबेटर नायट्रोजन पितो. दार दिवसातून अनेकदा उघडत असेल तर जम्बो सिलिंडर पुरत नाही. त्यापेक्षा छोटा टेबलटॉप इनक्युबेटर आणि ५-५-९० चं (सीओटू-ऑक्सिजन-नायट्रोजन) तयार मिश्रण घ्या. तेही जमत नसेल तर हवाबंद डबा किंवा जाड पिशवी, त्यात डिश आणि निर्जंतुक पाण्याची छोटी डिश, ते मिश्रण चांगलं भरून बंद, आणि डबा तुमच्या सध्याच्या इनक्युबेटरमध्ये. ब्राझीलमध्ये झेबू गाईंच्या व्यावसायिक कामात पिशवीची ही पद्धत चालत आलेली आहे. डबा उघडला की दर वेळी पुन्हा भरावा लागतो, एवढाच त्रास. आणि तुमच्या पुण्यासाठी मिश्रण मागवताना ५.५% सीओटू असं सांगून मागवा.

मॅच्युरेशन आणि फर्टिलायझेशन मात्र साध्या हवेतल्या सीओटूवरच राहू द्या. तिथे ऑक्सिजन कमी केल्याने फायदा होतोच असं नाही.

हवा: लॅबमध्ये फिनाइल, अत्तर, रूम फ्रेशनर, डासांची कॉइल किंवा लिक्विड, काहीही नको. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची तर फूल बाहेरच्या खोलीत वाहा, अगरबत्ती आणि धूप लॅबच्या दाराच्या आत नको. वाफ होणारी रसायनं ऑइलमध्ये विरघळून बसतात आणि एम्ब्रियो सात दिवस त्याखाली असतात. भिंतींना रंग दिला असेल तर कल्चर पूर्ण थांबवून हवा खेळवा. नवा इनक्युबेटर दोन-तीन आठवडे रिकामा, तापवून चालवा, मग वापरा. स्पिरिटने पुसल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत डिश बाहेर काढू नका.

---

कृष्णाकाठ

पेट्रीडिश, भ्रूणतंत्र, दोघांचे आभार. थर्मोकपलने वाचलं. ऑइलखालच्या ड्रॉपमध्ये इनक्युबेटरच्या मागच्या शेल्फवर ३८.४, पण वॉर्म स्टेजवर ३७.१. क्युम्युलस काढणं, धुणं आणि मोजणी मिळून डिश स्टेजवर बराच वेळ असते. एम्ब्रियो कुठे थांबतात याच्या नोंदी वेगळ्या केल्या, तर थांबलेले बहुतेक ८-१६ पेशींचे आहेत, मॉरुला फार थोडे.

ड्रॉप आम्ही हूडमध्ये करतो, आधी सगळे ड्रॉप, मग वरून ऑइल. मीडिया डिशमध्ये साधारण दोन तास इक्विलिब्रेट होतो. यात काही चुकतंय का?

---

खिल्लार

हो, तिन्ही ठिकाणी.

लॅमिनार हूडमध्ये हवा वाहत असताना ५० मायक्रोलिटरचा उघडा ड्रॉप मिनिटाभरात पाणी गमावतो. डिशभर ड्रॉप ठेवून मग ऑइल घातलं तर पहिला आणि शेवटचा ड्रॉप एकसारखे राहत नाहीत. मीडिया बाटलीत २७५ मिलिऑसमोल असला तरी ड्रॉपमध्ये ३०० च्या वर जाऊ शकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पद्धत बदला. हूडचा पंखा ड्रॉप करण्यापुरता बंद. ३५ मिमीच्या डिशमध्ये आधी २० मायक्रोलिटरचे चार-पाच ठिपके, लगेच त्यांच्यावर ३ मिली ऑइल, मग पिपेटचं टोक ऑइलखाली नेऊन प्रत्येक ठिपक्यात ३० मायक्रोलिटर. एका वेळी एकच डिश. डिश आणि मीडिया या वेळी गरम नकोत, खोलीच्या तापमानाला ठेवा, बाष्पीभवन कमी होतं.

कोरड्या टेबलटॉप इनक्युबेटरमध्ये सात दिवस ठेवणार असाल तर ऑइल असूनही पाणी हळूहळू जातं. आर्द्रता देणारं मॉडेलच घ्या. पाण्याचा ट्रे आठवड्याला बदला, निर्जंतुक पाणी वापरा. पावसाळ्यात बुरशी पहिली तिथेच येते.

इक्विलिब्रेशनला दोन तास कमी पडतात. ऑइलमधून गॅस सावकाश झिरपतो. किमान पाच-सहा तास, सोयीचं म्हणजे आदल्या संध्याकाळी डिश करून ठेवणं. त्याहून आधी करू नका, कारण ३८.५ अंशांना अमिनो आम्लं आपोआप फुटून अमोनिया तयार होतो, विशेषतः ग्लुटामिन. मीडियात साधं ग्लुटामिन आहे की ॲलानिल-ग्लुटामिन, हे कंपनीला विचारा. दुसरं टिकाऊ असतं.

ऑइलबद्दल जरा सविस्तर, कारण ८-१६ पेशींवर थांबतात म्हणताय. मिनरल ऑइल उजेडात आणि उष्णतेत राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतं. बाटली कुरियरने एप्रिल-मे महिन्यात कुठून कशी आली, हे कुणालाच माहीत नसतं. एम्ब्रियो-टेस्टेड लिहिलेलं ऑइलच घ्या, अंधारात आणि थंड जागी ठेवा, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याभरात संपवा. लॉट बदलला की जुना लॉट संपायच्या आत नव्यावर चाचणी. ऑइल धुवायचं असेल तर दहा भाग ऑइलला एक भाग निर्जंतुक प्रथिनविरहित मीडिया, हलवून उभं ठेवायचं, वरचं ऑइल घ्यायचं, खालचं पाणी येऊ द्यायचं नाही. धुण्याने पाण्यात विरघळणारी घाण जाते. आधीच खराब झालेलं ऑइल त्याने सुधारत नाही.

आणि या बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी: रबरी दट्ट्या असलेली सिरिंज मीडियासाठी वापरू नका, पूर्ण प्लास्टिकची घ्या. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आलेले पहिले दोन-तीन मिली टाकून द्या, फिल्टर ओला होण्यासाठी त्यावर जे लावलेलं असतं ते त्यात उतरतं. पावडरचे हातमोजे नकोत.

स्टेजच्या ३७.१ बद्दल: स्टेज वाढवाच, पण वेळही मोजा. क्युम्युलस काढायला १५ मिलीच्या ट्यूबमध्ये हेपीस बफरच्या (साध्या हवेतही पीएच टिकवणाऱ्या) थोड्या मीडियात व्हॉर्टेक्स दोन ते तीन मिनिटं, मग तीनदा धुणं. बायकार्बोनेट मीडिया इनक्युबेटरबाहेर हाताळायचा नाही, त्याचा पीएच सरकतो. बाहेरचं सगळं काम हेपीसमध्ये, आणि हेपीसची डिश सीओटूमध्ये ठेवायची नाही. हे उलटसुलट होताना फार दिसतं.

---

पेट्रीडिश

सिरमचा प्रश्न राहिला. घालू नका, डॉक्टर.

सिरम घातलं की सातव्या दिवसाचा आकडा वाढतो, फुगलेले ब्लास्टोसिस्ट लवकर दिसतात आणि सगळे खूश होतात. पण त्याच सिरममुळे एम्ब्रियोत चरबीचे थेंब साठतात आणि तो गडद होतो. असा एम्ब्रियो गोठवणं-वितळवणं नीट सोसत नाही. तुमची तक्रार तीच आहे, त्यामुळे तुमच्या तयार मीडियात सिरम आधीच आहे का, हे लेबलवर बघा. शिवाय सिरम आणि को-कल्चर (दुसऱ्या पेशींसोबत वाढवणं) यांचा संबंध अवाजवी मोठ्या वासरांशी जोडला गेला आहे. लांबलेली गर्भावस्था, अवघड वेत, अशक्त वासरू. रेसिपियंट (एम्ब्रियो लावलेली गाय) लहान चणीची असेल तर तो धोका शेतकऱ्याच्या गोठ्यात जातो, आपल्या वहीत दिसत नाही. फॅटी ॲसिड काढलेला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) पुरतो, ४ ते ८ मिलीग्रॅम प्रति मिली.

तयार मीडियाला संशयमुक्त करायचं तर शेजारी स्वतः केलेला एसओएफ लावून बघा. एक लिटरला सोडियम क्लोराइड ६.२९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.५३४, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६२, सोडियम बायकार्बोनेट २.१०६, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.१०, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२५१, सोडियम पायरुव्हेट ०.०३६, ग्लुकोज ०.२७ ग्रॅम आणि सोडियम लॅक्टेटचं ६०% सिरप साधारण ०.४७ मिली. कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून सर्वात शेवटी, नाहीतर फॉस्फेट-कार्बोनेटबरोबर गढूळ होतो. वापरायच्या दिवशी प्रत्येक मिलीला बीएमई अमिनो आम्लं ५०-एक्स २० मायक्रोलिटर, एमईएम नॉन-इसेन्शियल १००-एक्स १० मायक्रोलिटर, जेंटामायसिन ५० मायक्रोग्रॅम. सोबत सायट्रेट ०.३४ आणि मायो-इनोसिटॉल २.७७ मिलीमोलर. बीएसए वरून भुरभुरून आपोआप विरघळू द्यायचा, हलवून फेस करायचा नाही. ऑस्मोमीटरवर २७० ते २८० बसला नाही तर ती बाटली वापरायची नाही, पाणी किंवा मीठ घालून जुळवत बसायचं नाही, कारण वजनात कुठे चूक झाली ते कळत नाही. पाणी १८.२ मेगोह्मचं आणि ताजं. प्रथिन घातलेला मीडिया ४ अंशांना आठवडाभर.

मूळ एसओएफ १९७२ चा, मेंढीच्या बीजवाहिनीतल्या द्रवाच्या विश्लेषणावरून बेतलेला. गाईच्या कल्चरसाठी आजही तोच पाया आहे, वर अमिनो आम्लं आणि बीएसएचे बदल होत गेले. सांगायचं एवढंच की यात गुपित काही नाही.

पाचव्या दिवसापासून सीएसएफ-२ हा वाढघटक १० नॅनोग्रॅम प्रति मिली घालण्याचे प्रयोग झालेत आणि काहींत गाभण राहण्याचं प्रमाण वाढलं, काहींत फरक दिसला नाही. ऑक्सिजन, ऑइल आणि तापमान जागेवर येईपर्यंत तो खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बदल तपासताना एकच नियम पाळा. एकाच डोनरचे, एकाच वळूचे, एकाच दिवसाचे झायगोट दोन भागांत वाटा, निम्मे जुन्या पद्धतीत, निम्मे नव्या. डोनर-डोनरमधला फरक एवढा मोठा असतो की "गेल्या महिन्यात इतके, या महिन्यात इतके" याला काही अर्थ नाही. आणि २०% वरून ३०% झालं हे खात्रीने म्हणायला प्रत्येक बाजूला जवळपास ३०० झायगोट लागतात. तीस-तीसवर निकाल देऊ नका.

---

वळूशास्त्र

कल्चर सोडून एक मुद्दा, कारण सेक्स्ड सीमेन आणि २० लाख प्रति मिली असं लिहिलंय.

सॉर्टिंगमधून गेलेला स्पर्म आधीच अर्धा कपॅसिटेट (फलनाला तयार) झालेला असतो. त्याला नेहमीइतकं हेपॅरिन लागेलच असं नाही आणि तो टिकतो कमी. प्रत्येक वळूसाठी हेपॅरिन ०, २, ५, १० मायक्रोग्रॅम अशी पट्टी एकदा लावा, स्पर्म १० लाख आणि २० लाख असे दोन. जास्त स्पर्मने क्लीवेजचा आकडा छान दिसतो, पण पॉलिस्पर्मी (एका अंड्यात एकाहून जास्त स्पर्म) झालेलं अंडंही क्लीव्ह होतं आणि पुढे बहुधा मरतं. ती शंका असेल तर १८ तासांना काही झायगोट फिक्स करून होएक्स्टने (डीएनए दाखवणाऱ्या रंगाने) रंगवा. दोन प्रोन्यूक्लियस (अंडं आणि स्पर्म यांची केंद्रकं) म्हणजे ठीक, तीन किंवा जास्त म्हणजे पॉलिस्पर्मी. हे चाचणीच्या ऊसाइटवरच करा. क्लीवेज आणि ब्लास्टोसिस्ट यांच्यातली दरी एका वळूत मोठी आणि दुसऱ्यात लहान दिसत असेल, तर कल्चरला दोष देऊ नका.

सेक्स्ड स्ट्रॉमध्ये बहुधा २० लाखच स्पर्म असतात, वितळल्यावर हलणारे त्याहून कमी. मोठ्या पर्कोल ग्रेडियंटमध्ये (चांगले स्पर्म वेगळे करायच्या थरांमध्ये) त्यातले बरेच वाया जातात. १.५ मिलीच्या ट्यूबमध्ये ९०% आणि ४५% चे ४००-४०० मायक्रोलिटरचे थर, ७०० जी वर ५ मिनिटं, एवढं पुरतं.

---

कृष्णाकाठ

सेक्स्ड सीमेनच्या वळूंमधली दरी खरंच वेगवेगळी दिसते. पट्टी लावतो. लेबलवर सिरम नाही, बीएसए आहे. म्हणजे गडद रंगाचं कारण सिरम नसणार? आणि शेवटचा प्रश्न, चार-पाचच ऊसाइट देणाऱ्या डोनरचं काय करायचं? वंशावळीमुळे दुसऱ्या डोनरच्या एम्ब्रियोत मिसळता येत नाहीत.

---

खिल्लार

गडद रंगाला सिरम हे एकच कारण नाही. २०% ऑक्सिजनमध्ये ताणाखाली वाढलेला एम्ब्रियोही चरबी साठवू शकतो आणि त्यातल्या पेशी मरून काळपट दिसतात. मॅच्युरेशनमधलं १०% सिरमही थोडी भर घालतं, तिथेही बीएसएचा पर्याय करून बघता येईल, पण ते दुसऱ्या टप्प्यात. ऑक्सिजन बदलल्यावर रंग आधी बघा.

थोड्या ऊसाइटचं: एम्ब्रियो एकमेकांच्या सोबतीने वाढतात, ते सोडत असलेले घटक ड्रॉपमध्ये साचावे लागतात. ५० मायक्रोलिटरमध्ये २० ते २५ म्हणजे एका एम्ब्रियोला साधारण २ मायक्रोलिटर, हे प्रमाण चांगलं चालतं. ५० मध्ये चार म्हणजे एकाला साडेबारा. तिथे ड्रॉप लहान करा, पाच एम्ब्रियोंना १० ते १५ मायक्रोलिटर, वर ऑइलचा जाड थर, आणि हूड बंद ठेवणं इथे तर सक्तीचंच. अशा ड्रॉपचा मीडिया मध्ये बदलू नका, साचलेलं सगळं निघून जाईल. १८ च्या ड्रॉपमध्येही अर्धाच बदला, पूर्ण कधीच नाही, आणि नवा भाग त्याच गॅसमध्ये इक्विलिब्रेट झालेला हवा.

दुसरा मार्ग तळाला सूक्ष्म खड्डे असलेल्या डिशचा. प्रत्येक एम्ब्रियो आपल्या खड्ड्यात राहतो, वरचा मीडिया सगळ्यांना एकच. त्यात दोन-तीन डोनरचे एम्ब्रियो एका ड्रॉपमध्ये ठेवता येतात, ओळी आखून, डिशच्या तळाला खूण करून. धोका हलवताना. इनक्युबेटरमधून काढताना डिश तिरकी झाली किंवा आपटली तर एम्ब्रियो खड्ड्यातून निघतो आणि मग तो कोणाचा, हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येत नाही. म्हणून मोजणी दोनदाच, ४८ तासांना आणि सातव्या दिवशी. महाग डोनर असेल तर मी लहान ड्रॉपच वापरायला सांगेन.

सातव्या दिवशी ट्रान्सफरला निवडताना स्टेज ६ आणि ७ (ब्लास्टोसिस्ट आणि फुगलेला ब्लास्टोसिस्ट), क्वालिटी १ (सर्वोत्तम प्रत) यांना प्राधान्य. आठव्या दिवशी उशिरा आलेले ताजेच लावा, आणि तेही माज जुळणारी रेसिपियंट मोकळी असेल तरच. व्हिट्रिफिकेशनला ते पाठवू नका.